दंड

सप्टेंबर हे तिचं आडनाव.
शेजारणीचं फेब्रुवारी, पॅकिंग शेडच्या मुकादमाचं एप्रिल.
फार पूर्वी केपच्या धक्क्यावर गुलाम उतरवले
तेव्हा मालकाने नाव विचारलं नाही,
महिना कोणता चाललाय ते पाहिलं.

कोर्टात कारकुनाने साक्षीदारांची यादी वाचली
तेव्हा मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं,
अख्खं कॅलेंडरच आणलंय की!

सारलीन सप्टेंबर हसली नाही.
तिला शपथेवर सांगायचं होतं
त्या दिवशी वारा कुठून येत होता.

वेलींना वीतभर फुटवे आले होते.
बारा बायका एक्केचाळिसाव्या ओळीत तारेला फुटवे बांधत होत्या,
ट्रॅक्टर चव्वेचाळिसाव्या.
हात थांबवू नका, मुकादम म्हणाला, तीन ओळी लांब आहे तो.
मग आलं, धुकं येतं तसं.
पण धुक्याला गोडसर वास नसतो,
आणि धुकं ओठांवर चुरचुरत नाही.
तिच्या एप्रनच्या खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव होता.
दहाच्या सुट्टीत तो तिने खाल्ला.
हे सांगताना ती थोडी अडखळली,
जणू पाव खाल्ला हाच गुन्हा.

बोर्ड लावला होता, कंपनीचा वकील म्हणाला.
होता. इंग्रजीत. पंपघराच्या मागे.
आणि महोदय, वाऱ्याची दिशा काही कोणाच्या हातात नसते.
ट्रॅक्टरची किल्ली असते, सारलीन म्हणाली.
हे नोंदीत घेतलं नाही.

कंपनी दोषी. साठ हजार रँड.
वकिलाने मान डोलावली, माल पसंत पडल्यासारखी,
आणि चहाच्या सुट्टीआधी पैसे भरून पावती घेतली.
सारलीनने दवाखान्याच्या कार्डामागे हिशेब मांडला,
बारा जणींत पाच-पाच हजार.
मग लक्षात आलं, हे बारा जणींना नाहीच. सरकारजमा.

आणि पुढच्या हंगामाच्या अंदाजपत्रकात
(ऑफिस झाडणाऱ्या पोरीने पाहिलं)
डिझेल, सुतळी, खोकी,
त्याखाली एक नवी ओळ: दंड.
सुतळीपेक्षा स्वस्त.

कॅटी फेब्रुवारीला आता सुईत दोरा ओवता येत नाही.
तिच्या हातातली कपबशी दुरूनही ऐकू येते.
तीच म्हणाली, फार मोठं काही मागू नका गं,
गेटला कुलूप लागलं तर पोरांना काय घालू?
यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.
कपबशी तेवढी बोलत राहिली.

त्या रात्री सारलीनने कमिटीला पत्र लिहिलं,
पेन्सिलीने, दोनदा खोडून:
रक्कम वाढवू नका. रक्कम ते मोजून ठेवतात.
गेट बंद करा, एक अख्खा हंगाम.
आमची मजुरी चालू ठेवा, त्यांच्या खिशातून.
द्राक्षं वेलीवरच सुकू देत, पाखरांना मिळू देत.
आणि ज्याने सही केली त्याला
एक दिवस एक्केचाळिसाव्या ओळीत उभं करा.
मग हे वाक्य तिने खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

उत्तर अजून यायचंय.

तिच्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत.
माझ्या भाषेत एकच.
दर तीन महिन्यांनी नर्स रबरी नळी आवळते तोही दंड,
शीर फुगते, रक्त काचेत उतरतं.
आजवर सात वेळा तिनेच पुढे केलाय.

बाही वर घे, नर्स म्हणते.
ती घेते.
बाहेर कुठे तरी ट्रॅक्टर सुरू होतो
आणि ती सुईकडे नाही, खिडकीकडे बघते,
पॉपलरची पानं कोणत्या बाजूला कललीत ते.